नानांची शहरातली बीट

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, आयुष्यभर एकाच गावात पोस्टमन होते आणि देवमाणूस म्हणून गावभर त्यांचं नाव होतं. देवमाणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, ते माझ्या आईला विचारा.

पोस्टमनची रोजची ठरलेली वाट असते, तिला बीट म्हणतात. नानांच्या बीटमध्ये आमचं घर सगळ्यात शेवटी यायचं. सकाळी निघताना ते आमच्याच दारावरून पुढे जायचे, पिशवीत आईच्या बहिणीचं पत्र असायचं, आणि आईच्या हातात ते पडायचं दुपारी, सगळं गाव वाटून झाल्यावर. आई एकदा सकाळी वाटेत आडवी उभी राहिली. म्हणाली, पत्र द्या आणि मग पुढे जा. नानांनी सायकल हातात धरली, तिला वळसा घातला आणि गेले निघून. वर दुपारी तिलाच समजावलं, की आज तुला आधी दिलं तर उद्या कोपऱ्यावरचा शिंपी आधी मागेल, मग बीट कसली ती.

तर अशा माणसाबरोबर आम्ही पहिल्यांदा शहरात गेलो, तेही एका दिवसासाठी. नानांची आई अंथरुणाला खिळलेली होती, तिला सोडून कुठे जाता यायचं नाही. शेजारच्या काकू एकच दिवस तिच्यापाशी बसायला तयार झाल्या. पहाटेच्या बसने जायचं आणि संध्याकाळच्या बसने परत यायचं. नाना त्याच वर्षी रिटायर झाले होते, माझं शिक्षण नुकतंच संपलं होतं. आणि आत्ताच जायचं कारण म्हणजे मावशी. ती शहरात राहायची, आता घर विकून मुलाकडे परदेशात चालली होती, कायमची. त्याच दिवशी चारला टॅक्सी दारात येणार होती. तिच्या घरचा फोन आठवड्यापूर्वीच काढून नेला होता, त्यामुळे जे काही बोलायचं ते चारच्या आत आणि तोंडावर.

आईला काय बोलायचं होतं ते तिने मला बसमध्ये सांगितलं, नाना पुढच्या सीटवर पेंगत असताना. दोघी बहिणींची आई, म्हणजे माझी आजी, मावशीकडे असायची, तिकडेच वारली. मावशीने कळवलं, पण सगळं उरकल्यावर. आणि आई त्यानंतरही जाऊ शकली नाही, कारण इकडे सासू अंथरुणावर. तेव्हापासून मावशीची पत्रं आटली. आम्ही बरे आहोत, तुम्हीही बरे असाल, एवढंच. आईच्या मनाने घेतलं होतं की ताई आपल्यावर रागावली आहे, आई गेल्यावरही आपण आलो नाही म्हणून. "पत्रात कसं विचारू? पत्रात ती नाहीच म्हणेल. समोर बसून विचारायचंय. खरं काय ते तोंडावर दिसतं." इतकं बोलून ती खिडकीकडे वळली. मी म्हटलं, मग आधी मावशीकडेच जाऊ. ती म्हणाली, ह्यांना सांग.

ह्यांना सांगून काय उपयोग! नानांनी शहराची बीट आखली होती. स्टँडवरून निघायचं, वाटेत मुख्य टपाल कचेरी, मग म्युझियम, मग घड्याळाचा मनोरा, मग मोठी बाग, मग समुद्र, आणि अगदी शेवटी मावशी, कारण तिची गल्ली त्या टोकाला. मागे फिरणं नाही, उलटसुलट नाही. आई म्हणाली, आधी ताई, मग बाकीचं. नाना म्हणाले, म्हणजे दोनदा तोच रस्ता तुडवायचा? तासभर आधी पोचतो की आपण, भरपूर झालं. आई गप्प बसली. ती का गप्प बसली तेही मला ठाऊक होतं. या माणसाने जन्मात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि ती टपाल कचेरी एकदा बघायची त्यांची फार इच्छा होती. जन्मभर तिथला शिक्का असलेली पत्रं त्यांनी वाटली होती.

टपाल कचेरीत काही आम्हाला आत सोडलं नाही. मग नाना बाजूच्या गल्लीतल्या खिडकीला जाऊन चिकटले. आत भलामोठा हॉल, भिंतभर लाकडी खण, आणि माणसं उभ्याउभ्या पाकिटं खणांत भिरकावत होती, न बघता. एकही खाली पडत नव्हतं. नाना लहान मुलासारखे बघत राहिले. मला आधी बरं वाटलं, मग मी आईकडे पाहिलं. ती कचेरीच्या घड्याळाकडे बघत होती. मी नानांची बाही ओढली तर म्हणाले, थांब गं, त्या खणातलं आपल्याकडे जातं. शेवटी एक शिपाई येऊन हुसकावून गेला तेव्हा निघालो. मी त्या शिपायाचे मनातल्या मनात आभार मानले.

म्युझियममध्ये सुटसुटीत दोन चार गोष्टी बघाव्या की नाही? नाही. पहिल्या दालनापासून सुरुवात. पहिलं दालन दगडांचं. आई म्हणाली, दगड काय आपल्याकडे कमी आहेत का. नानांनी प्रत्येक दगडाखालची पाटी वाचली. मनोरा दुरुस्तीसाठी बंद होता, तरी त्याच्या दारापर्यंत जाऊन आलो, कारण तो बीटमध्ये होता. बागेत एका फाटकातून शिरलो आणि दुसऱ्यातून बाहेर पडलो. मध्ये काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. डबा आम्ही चालता चालता खाल्ला. आईने तर खाल्लाच नाही म्हटलं तरी चालेल, घास हातात धरून चालत होती.

समुद्रावर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. इतकं पाणी मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला ते बघवेना. जीव टांगणीला लागला होता नुसता. आई पाण्याकडे पाठ करून उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "झाला तुमचा समुद्र?" नानांना हा आवाज माहीत होता. ते चपला हातात घेऊन निमूट चालायला लागले.

इथवर सगळं निभावलं असतं. मावशीची गल्ली म्हणजे कसली गल्ली, चांगला लांबलचक रस्ता होता, एका टोकाला बंदर, दुसऱ्या टोकाला त्या भागाचं पोस्ट. मधोमध ट्राम. मावशीचं घर नऊ नंबरचं. नाना ट्राममध्ये खुशीत सांगत होते, की घरांचे नंबर नेहमी पोस्टाकडून सुरू होतात, म्हणून आपण पोस्टाच्या टोकाला उतरायचं, दारात जाऊन उभे. आमच्या गावात तसंच होतं. तिथे पोस्टाच्या शेजारचं घर एक नंबरचं. आई म्हणाली, एकदा कंडक्टरला विचारून घ्या. नाना हसले. पोस्टमनने पत्ता विचारायचा?

उतरलो. समोरच्या दारावरची पाटी होती चारशेच्या पुढची.

नाना म्हणाले, पलीकडच्या बाजूला असेल. पलीकडे गेलो. तिथेही चारशेच. मग म्हणाले, इथे जुने नंबर आणि नवे नंबर असा काही घोळ दिसतो. त्यांनी दारं मोजत चालायला सुरुवात केली, अगदी बीटवर चालतात तसं, प्रत्येक पाटी बघत. मी म्हटलं, नाना, विचारा ना कुणाला तरी. ते म्हणाले, सापडेल गं, घर काय पळून जातंय. आणि तिथे आईचा बांध फुटला. रस्त्यात, परक्या शहरात, चारचौघांत. "घर पळून जात नाही. माणूस चाललंय माझं." आणि ती तरातरा एका दुकानाच्या पायरीवर बसलेल्या बाईकडे गेली, नऊ नंबर विचारला, आणि त्या बाईने हात केला तो थेट दुसऱ्या टोकाला. नंबर बंदराकडून सुरू होत होते. शहरच तिकडून वाढत आलेलं, म्हणे. पोस्ट बिचारं सगळ्यात शेवटी आलेलं.

ट्राम नुकतीच गेली होती. आई टॅक्सीपुढे अशी उभी राहिली की ड्रायव्हरला ब्रेक मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आम्ही दोघी मागे बसलो. नाना क्षणभर रस्त्यातच उभे होते, मग मुकाट्याने ड्रायव्हरशेजारी बसले. नंबर भराभर उतरत होते, तीनशे, दोनशे, आणि दर सिग्नलला आई पुढच्या सीटची कड घट्ट धरत होती. मी नानांच्या मानेकडे बघत होते. इतका राग मला त्यांचा आधी कधी आला नव्हता.

नऊ नंबरच्या दारात टॅक्सी उभी होती. डिकीत सामान भरलेलं. माझा मावसभाऊ दाराला कुलूप घालत होता. आणि मावशी फुटपाथवर उभी, हातात एक पिशवी, नजर रस्त्याच्या टोकाकडे. आम्हाला बघून तिच्या हातून पिशवीच सुटली.

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मावसभाऊ आईला म्हणाला, मावशी, अगदी पाच मिनिटं हं, उशीर झालाय. मी मनात म्हटलं, पाच पुरेत, विचार आता. आणि आईने तोंड उघडलं.

"ताई, काय सांगू तुला या माणसाचं," असं म्हणून जी सुरुवात झाली ती थांबेचना. टपाल कचेरीची खिडकी झाली, दगडांच्या पाट्या झाल्या, बंद मनोरा झाला. मी तिला कोपराने ढोसलं. तिने माझा हात झटकला आणि नंबरांवर आली. तिथून लग्नाच्या वर्षापर्यंत मागे गेली. मावशी हसत होती, मध्येच डोळे पुसत होती, म्हणत होती, अगं पण, अगं ऐक तर. आई ऐकते कसली. पिशवीतल्या पत्रांची गोष्टही सांगितली, वाटेत आडवी उभी राहिली होती ती. नाना भिंतीशी उभे राहून सगळं ऐकत होते, खाली मान घालून. मला तर ओरडावंसं वाटत होतं, की बाई, ह्यांना रात्री घरी गेल्यावर बोल, जन्मभर बोल, आत्ता ते विचार ज्यासाठी आलीस. पण तिच्या साठलेल्या रागाला वाट मिळाली होती आणि ती पाच मिनिटं त्यातच गेली.

मावसभावाने मावशीला हाताला धरून आत बसवलं. दार लागलं. मावशीने घाईघाईने काच खाली केली आणि आईचं मनगट पकडलं.

"आई गेल्याचं तुला उशिरा कळवलं मी. मला सुचलंच नाही गं काही. तेव्हापासून तू रागावलीस ना माझ्यावर?"

आईच्या तोंडून शब्द फुटेना. जो प्रश्न ती इतकी वर्षं उराशी धरून होती, तो तिलाच विचारला गेला होता. टॅक्सी हलली, मनगट सुटलं, आणि मावशीचा चेहरा मागच्या काचेत दिसला. आई काही बोलली नाही याचा तिने काय अर्थ घेतला, ते त्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

आणि नाना पळाले.

मी त्यांना जन्मात कधी पळताना बघितलं नव्हतं. साठीला आलेला माणूस, चपला तिथेच टाकून, भर रस्त्यातून टॅक्सीच्या मागे. मागून येणारे हॉर्न वाजवत होते, एक सायकलवाला शिव्या देत होता. ट्रामच्या रुळांवर ते धडपडले, पण सावरले. पुढे सिग्नल लाल झाला. टॅक्सी थांबली. नाना खिडकीत वाकलेले मला दिसले, हातवारे करत काहीतरी सांगताना. मग सिग्नल सुटला आणि ते रस्त्याच्या मधोमध एकटेच उभे राहिले.

परत आले तेव्हा धाप लागली होती, एका पायाचा अंगठा फुटला होता. आई मावशीच्या बंद दाराच्या पायरीवर बसली होती.

"सांगितलं," नाना म्हणाले.

"काय सांगितलंत?"

"रागावली नाही म्हणून. कधीच नव्हती म्हणून."

आईने मान वर केली. डोळे कोरडे, आवाज तोच समुद्रावरचा. "तुम्हाला काय माहीत? मी बोलले होते का कधी तुमच्याजवळ?"

नाना अंगठा दाबून धरत तिच्या शेजारी टेकले. "नाही बोललीस. पण माझ्या तक्रारी आजवर कुणाजवळ केल्यास? शेजारणीजवळ नाही, सासूजवळ नाही, पोरीजवळ नाही. तिच्याजवळ सगळं ओकलीस. ज्याच्यावर राग असतो त्याला कुणी असं सांगत बसतं का? हेच सांगितलं तिला."

"मग ती काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, हो, लहानपणीही सगळ्यांची गाऱ्हाणी माझ्याकडेच आणायची."

आईने पदर तोंडाला लावला आणि मग ती जी रडायला लागली, ती बसस्टँडपर्यंत. नाना एका हातात चपला घेऊन तिच्या बाजूने लंगडत चालले होते, आणि वाटेतल्या प्रत्येक माणसाला थांबवून स्टँडचा रस्ता विचारत होते.