कुंताबाईचं टिकटिकणारं जातं

सिहोऱ्याला कुंताबाईच्या आळीत लग्न कुणाचंही ठरो, हळद दळली जायची ती तिच्याच जात्यावर. तांबूस दगडाचं ते जातं तिनं माहेराहून बैलगाडीत आणलेलं. पंगतीचं बोलावणं राहिलं तर ती हसून सोडून द्यायची. जात्याचा मान मात्र कुणी चुकवलेला तिला खपत नसे.

१९७८च्या उन्हाळ्यात खनिजं शोधणारी एक जीप गावात आली. भर दुपारी साहेब पाणी प्यायला कुंताबाईच्या पडवीत बसला. त्याच्या गळ्यातलं किरणं मोजणारं यंत्र अधूनमधून टिकटिक करत होतं. जात्याजवळ येताच ते भराभर बोलू लागलं. "या दगडात किरणं जरा जास्त आहेत," तो ड्रायव्हरला म्हणाला. तेवढं पुरलं. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं.

दुसऱ्या दिवशी शेजारची शकुंतलाबाई हळकुंडांची टोपली घेऊन तिच्या दारावरून पुढं निघाली. तिच्या पोरीचं लग्न तोंडावर होतं.

"काहून वं, कुठं चालली?" कुंताबाईनं विचारलं.

"राग नको मानू बाई. पोरीच्या अंगाले लागते हळद. किरणं सासरी पाठवू काय?"

जीप अजून गावातच होती. कुंताबाई तडक तिकडे गेली आणि साहेबाला यंत्रासकट घेऊन आली. "लावा जी, हिच्या अंगणात."

टिक... टिकटिक... टिक.

शकुंतलाबाईचा चेहरा उतरला. "माझ्या घरी कोणं आणली?"

"कुणी आणत नाही, बाई," साहेब म्हणाला. "मातीतून येतात, आभाळातून येतात. तुमच्या-माझ्या अंगातूनही थोडी निघतात. पृथ्वी झाली तेव्हापासून हे असंच आहे. तांबड्या दगडात जरा जास्त, एवढंच. एवढ्यानं काही होत नाही."

"अन् हळदीत उतरते का?"

"दळून बघा."

कुंताबाईनं मूठभर हळकुंडं कुटून दळली. साहेबानं ती पूड सुपातून जात्यापासून दूर, अंगणात नेली आणि यंत्र धरलं. शकुंतलाबाईच्या अंगणातल्यासारखंच, सावकाश: टिक... टिकटिक... टिक.

शकुंतलाबाईनं ती पिवळी पूड बोटांत चोळून पाहिली. मग पदर खोचून जात्यापुढं बसली.

"सरक वं. एकटीच काय दळून राहिली?"

खुंट्याला दोघींचे हात लागले, गाणं सुरू झालं. साहेब निघाला, तशी कुंताबाईनं हाक मारली. "लगन झालं काय जी तुमचं?"

"नाही."

तिनं चिमूटभर हळद त्याच्या मनगटाला लावली. "मंग पोरगी पाहाले जाताना हे वाजणारं घरी ठेवा."