हजेरीपटाचा कागद

मास्तरांनी माझं मनगट छडीने वर उचललं. छडीनेच. बोटं लावली नाहीत.

"बघा रे," ते वर्गाला म्हणाले, "ही नखं बघा. या नखांनी इंग्रजी पुस्तकाचं पान उलटायचं म्हणते ही."

वर्ग हसला. सगळे मुलगे. आणि सांगायला लाज वाटते, मीही हसले. मला वाटलं मास्तरांनी विनोद केला की हसायचं असतं, शाळेची रीत असेल. असली बावळट होते मी. तेरा वर्षांची घोडी, आणि आपल्याच नखांवर खिदळत उभी.

नखांत खळ होती. तांदळाची. आम्ही जुन्नरचे कागदी, पिढीजात कागद बनवणारे. जुनी तरटं, दोरखंडं चुन्याच्या पाण्यात कुजवायची, ढेंकीखाली, म्हणजे पायाने चालवायच्या मुसळाखाली, कुटायची, कुकडी नदीत धुवायची. तो लगदा हौदात कालवायचा, साच्यावर उचलायचा, भिंतीवर वाळवायचा. मग तावाला खळ लावायची. शेवटचं काम बायकांचं. गुळगुळीत दगडाने ताव घोटायचा, इतका की टाक त्यावर कुठे अडता कामा नये.

त्या दिवसापासून माझी जागा वर्गाच्या उंबऱ्याबाहेर. बसायला तरटाचा तुकडा. ज्या तरटाचा आमच्या घरी कागद होई, त्याच्यावरच मला बसवलं होतं. हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. डोक्यात जागा कुठे होती? तिथे इंग्रजी कविता बसली होती. कवितेत विलायतेतला एक पक्षी पहाटे गात होता. मी तो जन्मात पाहिलेला नाही. मी आपली त्याच्या जागी आमच्या कौलांवरची साळुंकी बसवली आणि बिचारीला इंग्रजीत गायला लावलं.

शाळेत मी आले कशी? अब्बांमुळे. ते शाळेला कागद पोचवत. हेडमास्तरांच्या मागे त्यांनी टुमणं लावलं, पोरीला वर्गात बसू द्या. हेडमास्तर हो म्हणाले. वर्गाचे मास्तर पुण्याहून आलेले. त्यांचं मुरडलेलं नाक शेवटपर्यंत सरळ झालं नाही.

आणि मी? मी त्या नाकाच्या बाजूची झाले. घरी राख, चिंच, लिंबू, मिळेल त्याने नखं घासत बसे. घोटायची पाळी आली की माझ्या पोटात दुखायचं. अम्मा म्हणायची, "मडमसाहेबांच्या पोटात इंग्रजी मावंना झाली." मला राग यायचा. खरं तर ती बरोबर होती.

एकदा पळ काढायच्या घाईत मी खळ ओली असतानाच घोटायला घेतलं. ओल्या खळीवर दगड फिरवला की तावाची साल निघते. प्रत्येक तावावर, एकाच कोपऱ्यात, नख रुतल्यासारखी कोर उठली. अब्बांनी ताव उजेडाला धरले आणि एकेक बाजूला ठेवला. "गिऱ्हाइकाला न्हाई द्यायचं हे. शाळंला देऊ. पोरांच्या गिरवण्याला चालतील." शाळेने त्या तावांचा हजेरीपट बांधला.

आमच्या वर्गात इतिहासही इंग्रजीच्याच तासाला. राणी जाऊन राजा आला होता, भिंतीवरची तसबीर नुकतीच बदलली होती. तिच्याखाली उभं राहून मास्तरांनी धडा वाचला. साहेब येण्याआधी या देशातले लोक झाडाच्या पानांवर खरडत. साहेबाने त्यांना कागद दिला, शाई दिली, लिहिणं दिलं.

मी तो धडा पाठ केला. कुठे? घरात. बाहेर अब्बा आणि चाचा ढेंकीवर तरट कुटत होते, धप्प, धप्प, आणि त्या तालावर मी आत डुलत होते, कागद साहेबाने दिला, कागद साहेबाने दिला. अगं भवाने! बाहेर डोकावून तरी बघायचं होतंस.

तपासणीला साहेब आला. गोरा नव्हे, आपल्यातलाच, टोपी तेवढी गोऱ्याची. मास्तरांनी मला आत बोलावलं. त्या दिवशी उंबरा ओलांडायला मुभा होती. मी खडा न खडा धडा म्हटला. साहेबाने मान डोलावली.

"कागद्याची पोर आहे, साहेब," मास्तर म्हणाले. "तरटावरून उचलून इथवर आणली."

साहेबाने टाळी वाजवली. त्याहून मोठी टाळी पडवीतून आली. अब्बा. नवा गठ्ठा द्यायला आले होते. टाळीच्या नादात गठ्ठा खाली पडला तरी त्यांचे हात थांबेनात. इंग्रजीचं अक्षर त्यांना कळत नव्हतं.

वाटेत भेटेल त्याला ते सांगत गेले. "आमच्या पोरीनं सायबाला लई मोठं भाषण दिलं, राव!" घरी हौदापाशी सगळ्यांना जमवलं, मला मधे उभं केलं. "आता आपल्या बोलीत सांग. काय म्हणालीस तू?"

मी सांगितलं. ताठ मानेने. शाबासकीच मिळणार अशी खात्री होती मला.

चाचांचा पाय ढेंकीवर थांबला. हौदात साचा घेऊन वाकलेली अम्मा तशीच वाकून राहिली. अब्बा माझ्याकडे बघत होते, जणू मी अजून पुढचं सांगणार आहे, जणू धड्याचा शेवट वेगळा असणार आहे.

"मंग मी काय करतो गं?" त्यांनी विचारलं. "पापड लाटतो?"

कुणी हसलं नाही. मी तर नाहीच.

मग ते म्हणाले, "तुला उद्या शाळा हाय. हात धुऊन घे. आजचे ताव मी घोटतो." आणि बायकांच्या पाटापाशी बसले. चुन्याने फुटलेल्या त्या हातांत दगड नीट बसत नव्हता. मी बघत राहिले. छडीने मनगट उचललं तेव्हा मला जे झालं नव्हतं, ते तेव्हा झालं. अंगाला आग लागली. राग आधी स्वतःवर. मग त्या वर्गावर, त्या टोपीवर, त्या टाळीवर.

दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "कालचा धडा म्हण. या ठोंब्यांना ऐकू दे."

मी तरटावरून उठले. न विचारता उंबरा ओलांडला. टेबलावर हजेरीपट उघडा होता. पानाच्या कोपऱ्यात माझी कोर. मी तिच्यावर बोट ठेवलं, नखासकट.

"माय फादर मेक्स पेपर, सर."

पुढचं मी मराठीतच बोलले.

"हा ताव मी घोटलाय. ओल्या खळीवर. ही खूण माझी. धडा खोटा आहे."

"छापलेलं खोटं असतं होय गं?" मास्तर ओरडले. "बाहेर हो! तरटावर बसून धडा म्हण. नाहीतर नाव काटतो."

मला शाळा हवी होती. ती साळुंकीसुद्धा हवी होती. उगीच शूर होते म्हणणार नाही.

"काटा," मी म्हणाले.

त्यांनी टाक शाईत बुडवला आणि माझ्या नावावर रेघ ओढली. रेघ ओढता ओढता टाक कोरेत अडकला. शाई सांडली, सोललेल्या तावाने ती पिऊन घेतली. माझ्या नावाबरोबर खालची तीन नावं गेली, चांगल्या घरची. नीट घोटलं असतं तर वाचली असती. मी हसले. त्या वर्गात दुसऱ्यांदा हसले, आणि या खेपेला मी कशाला हसतेय ते मला माहीत होतं.

जाताना तरट उचललं. घरी नेऊन चुन्यात टाकलं, कुटलं. त्याचे सहा ताव निघाले. ते मी घोटले, खळ पूर्ण वाळू देऊन. इंग्रजी सोडली नाही. त्याच तावांवर, कुणाकुणाचे जुने धडे मागून आणून, लिहीत राहिले.

म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात. मी झाले नाही. त्या मास्तरांना माफी नाही, साहेबाची टाळी घेणाऱ्या त्या तेरा वर्षांच्या पोरीलाही नाही. आता नात इतिहासाचं पुस्तक घेऊन येते, म्हणते, "नानी, पाठ म्हणून घे." मी घेते. पण आधी तिला हौदापाशी नेते, हात बुडवायला लावते.

कुणीही छापलेलं असो. माझे हात ज्याला खोटं म्हणतील ते माझ्या तोंडून निघणार नाही. तिच्याही नाही. नाव काटायचं तर काटा.