करदोड्यावरचं माप

ही गोष्ट मी घरीसुद्धा कोणाला सांगितलेली नाही. सांगायची लाज वाटते, दुसरं कारण नाही.

कापसाने जिल्ह्याला रडवलं त्या वर्षांतली ही गोष्ट. बाहेरून येणारा जो तो गावात विषाच्या डब्याची चौकशी करायचा, आणि मी राळेगावकडच्या गावांत टेप घेऊन लोकांची पोटं मोजत फिरायचो. सुटलेलं पोट, बीपी, शुगर, रक्तातली चरबी असं सगळं एकाच अंगात जमलं की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. आमच्या भागात तो किती जणांना आहे, याचा तो सर्व्हे होता. पोटाचा घेर ठरल्यापेक्षा जास्त निघाला, तरच माणसाला रक्त तपासायची चिठ्ठी मिळायची.

टेप कुठे धरायचा हे छापील कागदावर होतं. तो मी वाचलाच नाही. ग्रॅज्युएट माणसाला पोट मोजायला कागद कशाला? गडीमाणसांच्या कमरेला करदोड्याचा काळा दोरा असायचाच. मी सरळ त्यावरून टेप फिरवायचो. आता पोट सुटलं की करदोडा बिचारा खाली सरकतो, हे मला कळायला हवं होतं. म्हातारे मात्र खूश. "लग्नातल्या मापाचाच हाय ना जी अजून!"

एका गावात पन्नाशीचा शिंपी होता. दिवसभर मशीनवर बसून पोट पार मांडीवर आलेलं. मी टेप लावला तसा म्हणाला, "सायेब, हे त पँटचं माप झालं. पोट वरच राह्यलं ना."

भोवतीची माणसं हसली. मला ते झोंबलं.

"काकाजी, तुम्ही कपडे शिवा. माझं काम मला करू द्या."

त्याने सदरा खाली ओढला. आकडा हद्दीच्या आत आला, चिठ्ठी काही मिळाली नाही.

त्याच आठवड्यात मी कागद काढून वाचला. टेप बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायचा होता. शिंपी बरोबर होता. परत जायचं म्हणजे त्याच माणसांसमोर शिंप्याकडून शिकल्यासारखं झालं असतं. मी गेलो नाही. लिहितानाही कान तापतात. उरलेली दोन गावं तेवढी नीट मोजली, तर तिथली पोटं एकदम वाढली. ऑफिसात विचारलं, असं कसं? मी ठोकून दिलं, "ओलिताची गावं आहेत ती, खाऊनपिऊन सुखी." दोन्ही गावं कोरडवाहू होती. अहवालात छापून आलं, कोरडवाहू गावांत हा आजार नावालाच.

तीन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्या गावी गेलो. मशीनवर शिंप्याची बायको बसलेली. तो खाटेवर होता, पायाची दोन बोटं कापलेली, नजर अधू. काय झालं विचारलं, तर ती म्हणाली, शुगर फार उशिरा सापडली. "मी म्हणत होती, आधीच तपासाले पाह्यजे होतं."

माझा आवाज ओळखून तो तिच्यावरच उखडला. "आधी काहून नाही तपासलं? या सायबानं सोताच्या हातानं मापलं होतं मले. तवा काहीच नव्हतं. मीच येड्यावानी आडवा बोललो याइले." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "सांगा ना जी हिले."

"हो काकू," मी म्हणालो, "तेव्हा नॉर्मल होतं."