मामेसासऱ्यांचा बँजो

जर्मनीतल्या मराठी माणसांत ब्लूग्रास संगीताचा आद्य प्रवर्तक कोण, असं कुणी विचारलंच, तर माझ्या बायकोच्या मामांचं नाव बिनविरोध पहिलं येईल. दुसरं नाव येणारच नाही, कारण दुसरा कुणी नाहीच. पहिलेपणाचा मामांना अभिमान आहे, पण ही दुसऱ्या जागेची गोष्ट त्यांना कायम टोचत आली. "जावईबापू, आद्य कुणाला म्हणतात? ज्याच्या मागून कुणीतरी येतं त्याला. माझ्या मागून कोण येतंय सांगा!" असं ते चारचौघांत विचारतात, आणि अशा वेळी समोरच्या ताटात लक्ष घालण्याखेरीज जावयाला काही करता येत नाही.

ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेच्या डोंगराळ भागातलं गाणंबजावणं. त्यातला बँजो पाच तारांचा असतो, तो उजव्या हाताच्या तीन बोटांत नख्या घालून वाजवतात, आणि जिवावर उदार झाल्यासारखा वाजवतात. आपल्या मिरवणुकीतला बेंजो तो वेगळा. हे मामा पुण्याच्या नातेवाइकांना गेली कित्येक वर्षं फोनवरून समजावताहेत. तरुणपणी मामा र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात गिअरबॉक्सची ड्रॉइंग्ज काढायला आले. शेजारच्या खोलीत फ्रँकफुर्टला नेमणुकीवर असलेला एक अमेरिकन सैनिक राहायचा. मामांनी त्याला दर शनिवारी बटाट्याची भाजी खाऊ घातली आणि त्यानं मामांना बँजो शिकवला. मायदेशी परतताना तो बँजो मामांकडेच ठेवून गेला. त्याच सुमारास मामांनी जर्मन मामींशी लग्न केलं. लग्नात मामींच्या वडिलांनी भाषण केलं आणि मामांनी बँजो वाजवला, आणि दोन्ही बाजूंना दुसऱ्या बाजूचं काही कळलं नाही, असं मामी मोठ्या आनंदानं सांगतात.

काढून ठेवल्या की हरवतात, म्हणून मामा नख्या बोटांतून काढतच नसत. नख्यांसकट ते पाव आणायला जात आणि एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, तिकीट तपासनिसापुढे तिकीट धरत. तो बिचारा आधी बोटांकडे बघे, मग तिकिटाकडे. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडलो, तेव्हा आशीर्वादाचा हात माझ्या डोक्यावर आला आणि तिथेच अडकला. मामींनी कात्री आणली. "हलू नका हां, अहो, थोडेच केस जाणार," अशा शुद्ध मराठीत त्यांनी मला धीर दिला, आणि खरंच थोडेच गेले.

ब्लूग्रासवाले गोल करून उभे राहतात. एकानं पुढे येऊन सोळा मात्रा आपलं वाजवायचं, संपलं की मानेनं दुसऱ्याला खूण करायची आणि एक पाऊल मागे सरायचं. मामांनी हा नियम घरालाही लावला. जेवताना प्रत्येकानं पाळीनं बोलायचं. नवराबायकोची भांडणंसुद्धा त्याच शिस्तीत. मामी कडाडून बोलत, मग मान हलवून मामांना पाळी देत, आणि तोवर मामांचा राग निम्म्यावर आलेला असे. दुपारच्या रूहेत्साइटमध्ये, म्हणजे इमारतीत आवाज करायची बंदी असते त्या वेळात, मामा तळघरातल्या केलरमध्ये हिवाळी टायर आणि बटाट्यांच्या पोत्यांमध्ये बसून रियाज करीत. तरी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं तक्रारीचं पत्र यायचंच. मामांनी त्या पत्रांची फाइल केली आणि वर लिहिलं, 'रसिकांचे अभिप्राय'.

पण मामांचं खरं कर्तृत्व म्हणजे आमच्या मंडळाची आरती. एश्बॉर्नला हॉल भाड्यानं घेऊन आम्ही गणपती बसवतो. एका वर्षी पेटीवाले आजारी पडले आणि मामा बँजो घेऊन उभे राहिले. पहिलं कडवं बरं गेलं. मग मामांची बोटं तापली. ताम्हन ओवाळणाऱ्या गुरुजींच्या हाताला पेटका यायची वेळ आली, आणि कापूर धड पेटायच्या आत आरती संपली! शिवाय प्रत्येक कडव्यानंतर सोळा मात्रा बँजोची पाळी. तेवढा वेळ बाकीच्यांनी नुसत्या टाळ्या वाजवायच्या. मोठ्यांनी नाकं मुरडली, पण पोरं अशी खूश झाली की पुढच्या वर्षापासून तीच प्रथा पडली. माझी मुलगी मराठीत विचारलेल्याला जर्मनमध्ये उत्तर देते, पण आरती तिला खडान्‌खडा पाठ, अर्थात मामांच्या वेगात. पुण्याला गेलो तेव्हा माझे बाबा दुसऱ्या ओळीवर असताना हिचं कडवं संपलं, आणि ही टाळ्या वाजवत उभी. "हिला गाडी पकडायचीय का रे?" आईनं मला हळूच विचारलं.

गेल्या वर्षी मामांच्या बोटांनी संप पुकारला. सांधे झिजले, पेरं सुजली. नख्या बोटांत जाईनात. तसे पाच-सहा शिष्य त्यांनी आजवर धरले होते. त्यातला बरा म्हणावा असा एक नोकरीसाठी न्युरेम्बर्गला गेला, तो आपल्या बँजोसकट गेला. मीही दोन महिने शिकलो. "जावईबापू, तुमचं सॉफ्टवेअर फार चांगलं चाललंय म्हणे," असं म्हणून मामांनी मला मोकळं केलं. गणपतीच्या आधी त्यांचा फोन आला. "आरतीला कोण वाजवणार?" त्यांनी विचारलं. मंडळाचा नवा सेक्रेटरी पुण्याहून आलेला, हुशार मुलगा. "काका, टेन्शन नका घेऊ, स्पीकरवर रेकॉर्डिंग लावू. एकदम क्लीन होईल," तो त्यांना म्हणाला. "आल्झो, बरं तर, लावा," मामा म्हणाले, आणि त्यानंतर दोन दिवस त्यांनी घरात आपली पाळीच घेतली नाही. मामी मान हलवून हलवून थकल्या. "अहो, हे जेवत नाहीत नीट," त्यांनी मला फोन केला. मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं आपण त्यांची नुसती थट्टा केली, दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकलो असतो तर काय बिघडलं असतं?

आरतीच्या रविवारी सकाळी मामींनी त्यांना हॉलवर जवळजवळ ओढत आणलं. मामा अगदी मागे, कोट टांगायच्या जागेपाशी उभे राहिले. रेकॉर्डिंग सुरू झालं. संथ, गंभीर, निर्दोष. पुढे उभी असलेली पोरं एक ओळ त्याच्याबरोबर गेली आणि मग सुटली. सेक्रेटरीनं आवाज वाढवला, पोरांनीही वाढवला. कडवं संपलं आणि पोरं एकदम गायची थांबली. नुसत्या टाळ्या. मला वाटलं, चुकली. पण मी मोजलं. बरोबर सोळा मात्रा झाल्यावर त्यांनी पुढचं कडवं उचललं. त्यांच्या लेखी आरतीत ती जागा होतीच. स्पीकर आपला तिसरंच काहीतरी म्हणत होता. सेक्रेटरीनं एकदा पोरांकडे पाहिलं, एकदा मामांकडे, आणि मुकाट्यानं बटण बंद केलं.

पुढचं कडवं संपलं तेव्हा माझी मुलगी मागे वळली आणि तिनं मामांकडे बघून मान हलवली. मामांच्या हातात काहीच नव्हतं. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि तोंडानंच सुरू केलं, डिंगडिडिंग डिंगडिडिंग, डोळे मिटून, सोळाच्या सोळा मात्रा. सगळा हॉल टाळ्या देत होता. झाल्यावर त्यांनी मान हलवून पोरांना पाळी दिली आणि शिस्तीत एक पाऊल मागे सरले ते थेट कोटांमध्ये. मामी रडत होत्या आणि हसतही होत्या. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

परतताना एस-बानमध्ये मामा आमच्या समोर बसले होते. कोटाच्या खिशात तीन नख्या चाळवल्याचा बारीक आवाज येत होता. मामींनी मान हलवून त्यांना पाळी दिली.

"मागून कुणी येत नाही म्हणून मी इतकी वर्षं कुरकुरलो," मामा म्हणाले, "आणि पोरं बघा, पुढेच निघून गेली की हो." मग जरा थांबून म्हणाले, "पुढच्या वर्षी त्यांना थोडं हळू घ्या म्हणावं. मला आता एवढं पळवत नाही."