गुण्यामामांच्या सोळा फरशा

तर मामा फोनच्या काचेवर बोटाच्या पेराने टकटक करत होते, इथवर काल गोष्ट आली होती. काल जे नव्हते त्यांना सांगायला हवं की ही मामांची जुनी खोड. चाळीस वर्षं फरशा बसवल्या. बसवलेली प्रत्येक फरशी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाजवून बघायची. खाली माल कमी पडला असेल तर ती पोकळ वाजते. पुढे पुढे दारं, कलिंगडं, एकदा तर डॉक्टरांचं टेबलसुद्धा वाजवून झालं. काटकोन तपासायचा गुण्या कायम हाताशी, म्हणून सगळ्यांचे ते गुण्यामामा. शाळा सातवीपर्यंतच, पण खोलीत पाऊल टाकताच कुठला कोपरा किती बोटं बाहेर गेलाय ते सांगत.

त्या दिवशी मामा एका दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत काम करत होते. अर्धी फरशी बसली होती, अर्ध्या जागी नुसता कोबा. जेवणाच्या सुट्टीत भाची आणि भाचा भांडतच आत आले. भाची थोरली, शिवणकाम करणारी, भाच्याची ताई. भाचा धाकटा, छापखान्यात कामाला. फोन भाच्याचा.

आठ महिन्यांपूर्वी दोघांनी मिळून एका लिक्विडिटी पूलमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या एका सामायिक साठ्यात, डिजिटल नाणी ठेवली होती. त्यात दोन तऱ्हेची नाणी सारख्या किमतीची घालायची. येणारे-जाणारे एक टाकून दुसरं उचलतात आणि थोडी फी मागे ठेवून जातात. ताईची दहा नाणी होती, तेव्हा शंभराच्या भावाची. पण त्यांचा भाव आज इथे तर उद्या तिथे. भाच्याची हजार नाणी, भाव कायम एक, हलायचं नाव नाही. मामांनी बारसंच करून टाकलं होतं: तिचं उनाड नाणं, त्याचं बसकं. आणि वर निवाडाही देऊन ठेवला होता, "अर्धं तिचं, अर्धं तुझं. काढताना अर्धं-अर्धं घ्या, भांडण नको." दोघांनी तेव्हा माना डोलावल्या होत्या.

आता उनाड नाणं चारशेवर गेलं होतं. ताईने भरतकामाचं एक मशीन बघून ठेवलं होतं, किंमत बत्तीसशे. दुकानदार आज संध्याकाळपर्यंतच थांबणार होता. तिच्या मनात हिशेब सरळ होता: दहा नाणी गुणिले चारशे, चार हजार.

"मामा, बघा ना! दहातली पाचच नाणी दिसतायत. पाच कुणी खाल्ली?"

"कुणी खात नाही गं ताई," भाचा म्हणाला. "त्याऐवजी बसकी वाढलीत. पाच उनाड, दोन हजार बसकी, वर अडीचशे फी. दोन हजार घातले होते, सव्वाचार हजार झाले. फायदाच की! अर्धे केले तर प्रत्येकी एकवीसशे पंचवीस."

"एकवीसशेत मशीनचं नुसतं पायडल येईल!"

तेव्हाच मामांनी ती काच वाजवली. म्हणाले, "फायदा पोकळ वाजतोय रे." आणि खोक्यातून सोळा लहान फरशा काढून कोब्यावर मांडल्या, चार रांगा, रांगेत चार.

"रांगा म्हणजे उनाड, लांबी म्हणजे बसकं. सुरुवातीला भाव एकास एक धरू. तुझ्या साठ्याचा नियम काय?"

"दोन्हींचा गुणाकार बदलायचा नाही."

"म्हणजे फरशा सोळाच. आता उनाड नाणं चौपट महाग झालं. बाहेरचे शहाणे येऊन स्वस्तात उनाड उचलणार आणि बसकं टाकून जाणार, इथला भाव चौपट होईपर्यंत." दोन रांगा उचलून त्यांनी उरलेल्या दोन लांबवल्या. दोन रांगा, रांगेत आठ. "दोन उनाड, चाराच्या भावाने आठ. बसकी आठ. झाली किंमत सोळा. आणि साठ्यात न घालता नुसती घरात ठेवली असती तर?"

ताई बोटं मोजत म्हणाली, "चार उनाड चाराच्या भावाने सोळा, बसकी चार. वीस!"

"विसातले चार गेले. पाचातला एक. फायदा काल काय घातलं त्यावरून मोजायचा नाही, नुसतं ठेवलं असतं तर आज काय असतं त्यावरून मोजायचा."

"पण याला तात्पुरता तोटा म्हणतात मामा," भाचा घाईने म्हणाला. "भाव परत शंभरावर आला की तोटा गायब. थांबू या."

"भाव शंभरावर आला तर तिची दहा नाणी परत येतील, पण हजाराचीच. तोटा जाईल आणि मशीनही जाईल."

मामांनी कानावरची पेन्सिल काढून कोब्यावर आकडे लिहिले. नुसतं ठेवलं असतं तर पाच हजार. हाती सव्वाचार हजार, फी धरून. शंभराला पंच्याऐंशी. तिच्या चार हजारांचे चौतीसशे, त्याच्या हजाराचे साडेआठशे. गुण्या लावून बघितल्यासारखं त्यांनी दोनदा तपासलं.

ताईचा चेहरा खुलला, तसा भाच्याचा पडला. "म्हणजे माझे दीडशे गेले? माझं बसकं तर जागचं हललंही नाही! आणि अर्धं-अर्धं हा शब्द कुणाचा होता, मामा? मी त्या भरवशावर होतो."

मामांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. ताईने दाराबाहेर उन्हाकडे बघून वेळेचा अंदाज घेतला. भाच्याचा अंगठा फोनवर, पैसे काढायच्या बटणावर अधांतरी.

मामा म्हणाले, "शब्द माझाच होता, आणि तो पोकळ बसला. पोकळ फरशी मी गिऱ्हाइकाच्या पैशाने कधी बदललेली नाही. तुझे दीडशे या दवाखान्याच्या मजुरीतून मी देतो. आता दाब ते बटण, मशीनचं दुकान बंद व्हायच्या आत."