वेसकरबाबांची वेस

वेसकरबाबा दगड वाचत. अक्षर त्यांना येत नव्हते, पण आमच्या गावच्या वेशीवर तळवा ठेवून ते सांगत, इथवर जुने काम, इथून पुढे नवे. खालचे काळे थर चुन्याशिवाय बसवलेले, वरची वीट चुन्यातली; म्हणजे तट एकदा पडून पुन्हा उभा राहिलेला. वेशीची राखण पिढ्यान्पिढ्या त्यांच्या घराण्याकडे होती. आमच्या घरात त्यांना लहानथोर सारेच एकेरी हाक मारत. वर्ध्याला कॉलेजात जाऊ लागल्यावर मी ‘बाबा’ म्हणू लागलो. ते मात्र मला ‘पाटील’च म्हणत.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इतिहासाच्या सरांना वेस दाखवायला आणले, तेव्हा मोजायची फीत, वही अशी माझी सारी तयारी होती. पण सर बाबांच्याच मागे फिरत राहिले. रस्ता वेशीपाशी एकदम का वळतो, असे त्यांनी विचारले. मी वही चाळत होतो, तोवर बाबा म्हणाले, “हत्तीनं धावत येऊन दाराले धडक देऊ नाई म्हनून. वळला का त्याचा जोर गेला.”

असा माणूस वर्गावर हवा, असे सर म्हणाले. मी खाली मान घालून फीत गुंडाळत राहिलो. अंगठा उठवणाऱ्या माणसाचा मला हेवा वाटत होता, आणि त्या हेव्याची लाजही वाटत नव्हती.

पुढे कॉलेजच्या वार्षिक अंकात मी वेशीवर लेख लिहिला. त्यातले जवळजवळ सारे बाबांचे होते. त्यांचे नाव मी एकदा लिहिले आणि खोडले. ‘जाणकार सांगतात’ एवढेच ठेवले.

लेख छापून आला तेव्हा छप्पन साल सरत होते. बाबा नुकतेच नागपूरहून दीक्षा घेऊन आले होते. राखणीची काठी त्यांनी चावडीत नेऊन ठेवली होती. त्यांनी लेख वाचून दाखवायला सांगितला. आता नावाचे विचारतील, या भीतीने मी भरभर वाचू लागलो. नावाचे त्यांनी विचारलेच नाही. एका वाक्यापाशी मात्र हात वर केला: ‘दिवेलागणीला वेसकर दाराला अडसर घालून पहाऱ्यावर बसे.’

“कोन्या अंगानं बसे?”

आतून, मी म्हणालो. अडसर आतच असतो ना.

“अडसर आतून घालाचा. मंग मोठ्या दारातल्या लहान दिंडीतून बाहेर याचं. दिंडीची कडी आतून तुमचे लोक लावत. माह्या बापाचा जलम गेला राखन करन्यात, भाऊ. अन् घर आमचं बाहेर.”

‘पाटील’ नाही, ‘भाऊ’. ज्या वेशीसाठी मी त्यांचा हेवा केला, तिच्या आत मी जन्मलो होतो.

पुढच्या वर्षीच्या अंकात मी ती चूक दुरुस्त केली आणि त्यांचे नाव घातले. अंक घेऊन त्यांच्या घरी गेलो, तेव्हा बाबांना जाऊन महिना झाला होता. शाळेत जाणाऱ्या त्यांच्या नातीने ते पान उभ्याउभ्याच मोठ्याने वाचले. आजोबांच्या नावापाशी ती थांबली आणि ते तिने पुन्हा वाचले.

मी उंबऱ्याबाहेरच उभा होतो.

“बाहेर काऊन उभे हा?” ती म्हणाली. “आत या ना.”