पाठीवरची खडूची रेघ

आमच्या शेजारचे मामा तेलाच्या डेपोत पिंपं वाजवतात. चेष्टा नाही, कामच ते. बंद पिंपात तेल किती उरलंय हे झाकण न उघडता सांगायचं. बोटाच्या पेराने वरून खाली टकटक करत यायचं. रिकामं असेल तिथे आवाज ठणठणीत, तेल लागलं की बद्द. तिथे खडूने रेघ मारायची. सव्वीस वर्षांत त्यांची रेघ बोटभरसुद्धा चुकली नाही. डोक्यावर भरपूर केस असूनही डेपोत त्यांना सगळे 'टकले' म्हणतात, ते या टकटकीमुळे.

गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या कुशीत दुखू लागलं. श्वास आत घेतला की सुरी फिरवल्यासारखी कळ यायची. कोरडा खोकला आणि संध्याकाळी कणकण. डेपोच्या दवाखान्यात एकदा मीही त्यांच्यासोबत गेले होते. बाकाचं रेक्झिन फाटून आतला काथ्या वर आलेला, औषधाच्या चिकट बाटल्यांवर माशा, आणि डॉक्टर पेनच्या टोपणाने कान कोरत बसलेले. टोपण त्यांनी टेबलाच्या कापडाला पुसलं, पेनाला लावलं आणि मामांचं सांगून व्हायच्या आत चिठ्ठी लिहिली.

"डॉक्टर, छाती बघता का जरा?"

"बघायचं काय त्यात? तेलाचा खोकला आहे. इथे सगळ्यांनाच असतो."

पंधरा दिवसांनी दुखणं एकाएकी थांबलं. डॉक्टरांनी कार्डावर 'सुधारणा' असं लिहून खाली रेघही ओढली. ते कार्ड मामींनी मला दाखवलं, चिमटीत धरून, मेलेलं झुरळ धरावं तसं.

"बाई, ही सुधारणा! जिना चढताना दोनदा टेकतात. रात्रभर डाव्या कुशीवरच झोपतात, उजवीकडे वळले की धाप लागते. विजार तर सुतळीने बांधावी लागते."

एका रविवारी अंघोळीनंतर मामा आरशासमोर उभे राहिले आणि सवयीने स्वतःच्याच छातीवर टकटक करू लागले. उजवीकडे ठणठणीत. डावीकडे बगलेच्या खाली आले आणि बोट थांबलं.

"अगं, खडू आण. पाठीवर तू वाजव."

"अहो, तुम्ही माणूस की पिंप?"

"तेच बघायचंय."

मामींनी वाजवलं. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली चार बोटांवर आवाज बद्द झाला. तिथे रेघ पडली.

आता या माणसाने सरळ इस्पितळ गाठावं की नाही? पण सव्वीस वर्षं पिंपांशी संसार केलेला. वरून ओतणं बंद केलं की पातळी उतरणार, हा त्यांचा हिशेब. त्यांनी पाणी तोडलं. दिवसाला दोन पेले, तेही घोट मोजून. आठ दिवसांत ओठांना भेगा पडल्या, लघवी काढ्यासारखी झाली आणि नवी रेघ जुनीच्या तीन बोटं वर गेली. तेव्हा मामी रडत माझ्याकडे आल्या. त्यांना दोघांना घेऊन मी मोठ्या इस्पितळात गेले.

तिथल्या छातीच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा शर्ट काढायला लावला. पाठीवर दोन रेघा बघून त्या चकित झाल्या. त्यांनी स्वतः वाजवून पाहिलं, नळी लावली. वरच्या रेघेखाली श्वासाचा आवाज जवळजवळ नव्हताच. छातीच्या एक्स-रे फोटोतही तिथवर पांढरं दिसलं.

"मामा, रेघ अगदी बरोबर आहे. पण पाणी कशाला तोडलंत? प्यालेलं पाणी इथे साचत नाही. फुप्फुसावर एक पातळ पापुद्रा असतो आणि बरगड्यांना आतून दुसरा. त्या दोघांच्या मध्ये हे साचलंय."

"मग दुखायचं का थांबलं?"

"आधी सुजलेले पापुद्रे एकमेकांवर घासत होते. मध्ये पाणी भरलं, घासणं थांबलं. दुखणं गेलं आणि दम वाढला."

म्हणजे ज्याला त्या कानकोऱ्याने 'सुधारणा' म्हटलं, ते पाणी चढणं होतं.

हृदय थकलं, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलं, न्यूमोनिया झाला, कर्करोग झाला, तरी असं पाणी होतं, असं बाईंनी सांगितलं. कर्करोग म्हटल्यावर मामींनी माझा हात घट्ट धरला. पाठीत सुई घालून हळूहळू सव्वा लिटर काढलं, फिकं पिवळं.

मामा बाटलीकडे बघून म्हणाले, "दुसऱ्या दर्जाचा माल."

"घरी न्यायचा नाही," बाई म्हणाल्या.

तपासणीत क्षय निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या की बरा होणारा. मामी तिथल्या तिथे जमिनीवर बसल्या आणि पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. पण बाईंनी आणखी एक सांगितलं: घरच्यांना आणि डेपोत एका खोलीत डबा खाणाऱ्यांना तपासून घ्या, मामांना हा रोग कुणाकडून तरी आलाय.

दुसऱ्याच आठवड्यात मामा अजून धापा टाकतच डेपोच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या शेजारी बसून डबा खाणारा वजनकाटेवाला तीन महिने खोकत होता. मामांनी त्याचा दंड धरला. तेवढ्यात दवाखान्याचे डॉक्टर बाहेर आले.

"अरे, कुठे निघालात? मला आधी दाखवायचं ना! याला नुसता तेलाचा खोकला आहे."

गटाराचं झाकण उघडल्यावर तोंड फिरवावं तसं मामांनी तोंड फिरवलं.

"चल रे," ते वजनकाटेवाल्याला म्हणाले, "लवकर गेलं तरच इस्पितळात नंबर लागतो."

त्याच्या थुंकीत जंतू सापडले. मामींची तपासणी स्वच्छ निघाली.